तूच म्हणाली होतीस

साखरपुडा झाल्यावर आम्ही दोघंच पहिल्यांदा बाहेर भेटलो, तेव्हा तो म्हणाला, "मला अहो-जाहो करू नकोस. मालिकेतल्या सुनेसारखं वाटतं. सरळ 'तू' म्हण."

मला बरं वाटलं. मी मुळात कमी बोलणारी, त्यात अनोळखी माणसाशी बोलताना 'तुम्ही करता का, तुम्ही जाता का' हे शेवटपर्यंत सांभाळताना माझी धांदल उडते. निराला बाजारातल्या त्या कॉफीच्या दुकानातून घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात 'तू'चा सराव केला.

पुढच्या आठवड्यात पडेगावला त्याच्या घरी जेवायला बोलावलं होतं. पंगत बसली. त्याच्या आईनं वरणाचं भांडं माझ्या हातात दिलं. मी त्याच्यापाशी येऊन विचारलं, "तुला वरण देऊ?" त्याच्या वडिलांनी ताटातून मान वर केली. तो हसला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला, "बघा, आत्ताच अरे-तुरे सुरू झालं. इंग्लिश मीडियमचं प्रॉडक्ट आहे, समजून घ्या." सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

मला घरी सोडताना गाडीत मी हळूच म्हटलं, "पण तूच सांगितलं होतंस ना."

"मी?" त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "मी असं कशाला सांगेन? घरात चार मोठी माणसं असताना? मी म्हणालो होतो, आपण दोघंच असताना चालेल मला." मग गिअर बदलत, अगदी समजुतीनं, "तुझं मराठी जरा कच्चं आहे. तू अर्धं ऐकतेस आणि अर्धं मनानं जोडतेस. होतं असं. मी काही रागावलो नाहीये."

त्या दिवसापासून मी अहो-जाहो सुरू केलं. तर पंधरवड्यानं फोनवर म्हणाला, "एवढी परकी का वागायलीस माझ्याशी?"

हे किती क्षुल्लक आहे, ते मला कळतं. कुणाला सांगायला गेलं तर सांगणारीच हलकी ठरावी, इतकं क्षुल्लक. म्हणून तर अशा गोष्टी कुणी सांगत नाही. मोठं काही घडत नाही. कुणी हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. फक्त घडून गेलेली एक लहानशी गोष्ट आपल्या हातातून काढून घेतली जाते, आणि तिच्या जागी तशीच दिसणारी दुसरी ठेवली जाते.

त्यात तो सगळ्यांना आवडायचा. आमच्या घरी आला की गुलमंडीवरून इमरती आणायचा. माझ्या वडिलांच्या चष्म्याची काडी सैल झालेली त्याच्याच लक्षात आली, त्यानं ती पिळून दिली. आई तर त्याच्या नावानं शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिरवत होती. मला स्वतःलाही तो आवडत होता, हे लिहायला हवं. नाहीतर पुढचं काही समजणार नाही.

पण मी होकार दिला होता तो एका वाक्यामुळे. ती मंडळी मुकुंदवाडीला आमच्याकडे बघायला आली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "पोरांना जरा बोलू द्या." आम्हाला गच्चीवर पाठवलं. शेजारच्यांच्या मिरच्या वाळत होत्या. मी एकच वाक्य पाठ करून ठेवलं होतं, ते बोलले: लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही. मी उस्मानपुऱ्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. तेव्हा नुकतंच मला एक घर पहिल्यांदा पायापासून छपरापर्यंत एकटीकडे दिलं होतं, आणि साइटवरचे मिस्त्री मला 'मॅडम' म्हणताना हसायचे थांबले होते. ते घर मला पुरं करायचं होतं. आणि त्यानंतरचंही. तो म्हणाला, "अर्थात. मला नोकरी करणारीच हवी आहे." खाली येऊन मी आईला मान हलवून होकार दिला.

डिसेंबरमध्ये फोनवर त्यानं विचारलं, "राजीनामा कधी देतेयस? नोटीस एक महिन्याची असते ना?"

मला वाटलं, तो थट्टा करतोय.

"अगं, तूच म्हणाली होतीस गच्चीवर. वर्षभर घर बघते, मग पुढचं ठरवू."

"मी असं नाही म्हणाले."

"मला स्वच्छ आठवतंय. तू पाणी पीत होतीस. ग्लास कठड्यावर ठेवलास आणि म्हणालीस. मी घरी तसंच सांगितलंय सगळ्यांना. आता मला खोटं पाडणार का तू?"

मी पाणी पीत होते, हे खरं होतं. ग्लास कठड्यावर ठेवला होता, हेही खरं होतं. त्याची ती पद्धत मला फार उशिरा समजली. खोट्याला तो नेहमी एखादी खरी वस्तू जोडून द्यायचा. ग्लास आठवला की माणूस गोंधळतो. याला ग्लाससुद्धा आठवतोय, मग बाकीचंही याचंच खरं असेल, असं वाटायला लागतं.

मी आईला सांगितलं. ती लाडू वळत होती. "गच्चीवर तुम्ही काय बोललात ते आम्हाला काय की! तिसरं कोण होतं तिथं? आणि तू तोंडातल्या तोंडात बोलतीस. नीट सांगितलं नसशील."

तिसरं कोण होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. प्रत्येक वेळी आम्ही दोघंच असायचो. गाडीत, फोनवर, गच्चीवर. मेसेजवर तो 'जेवलीस का' याच्या पुढे जायचा नाही. "टाइप काय करायचं, तुझा आवाज ऐकू दे," म्हणायचा. मला ते गोड वाटायचं.

मग हुरड्याचं झालं. त्यांच्या शेतावर हुरडा होता. मी विचारलं, काय घालू? "घरचेच आहेत गं, ड्रेस घाल साधा." मी सलवार-कमीज घालून गेले, तर झाडून सगळ्या बायका साडीत, डोक्यावर पदर. त्याच्या आत्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आजकाल असंच असतं बाई." नंतर विहिरीपाशी तो म्हणाला, "मी साडी म्हणालो होतो. तुझं लक्ष कुठं असतं?" मी म्हटलं, "सॉरी, माझंच लक्ष नसेल." आणि शेण्यांच्या आगटीपाशी जाऊन गरम कणसं चोळत बसले. हात भाजत होते, पण निदान काहीतरी करायला होतं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर शहागंजची एक मैत्रीण बसते. आमची बोलणी अर्धी मराठीत, अर्धी तिच्या हिंदीत चालतात. एकदा एका ड्रॉइंगमध्ये जिन्याची मापं चुकली होती. चूक तिची होती. तीच म्हणाली, "मेरी गलती है यार." मी म्हटलं, "नाही, मीच तुला चुकीचं सांगितलं असेन."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "तू तो मेरे कू कुछ बोलीच नहीं थी. कायकू अपने ऊपर ले रही? आजकल हर बात पे 'मेराच चुक्या होंगा'. पहले तू नक्को बोली तो नक्कोच रहता था. क्या हुआ तेरे कू?"

"काही नाही. लग्नाची गडबड आहे."

"शादी में वजन कम होता, सुनी थी. अक्कल कम होती, ये नया है."

मी हसले. पण त्या दिवसानंतर मी स्वतःकडे लक्ष ठेवू लागले, आणि काय काय दिसलं! घरातून निघताना कुलूप ओढून बघायचे, जिना उतरून पुन्हा वर जाऊन ओढायचे. साइटवर सांगितलेली सूचना परत फोन करून विचारायचे, "मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" मिस्त्री चक्रावायचा. एकदा वाटलं, त्याचे फोन रेकॉर्ड करावेत. मोबाइलमध्ये ती सोय शोधूनही काढली. मग बोट तसंच थांबलं. ज्याच्यासोबत आयुष्य काढायचं, त्याचं बोलणं पुराव्यासारखं जपून ठेवावं लागत असेल, तर रेकॉर्डिंगमधून आणखी काय कळणार होतं? तरी मी लग्न मोडायचा विचार केला नाही. कारण खरं कोणाचं, हे मला माहीत नव्हतं. मी विसरत असेन, तर चूक माझी होती. त्याची नव्हती.

त्याच्या आईबद्दल आता सांगते. मी त्यांना काकू म्हणायचे, आणि त्या घरात सगळे त्यांना विसरभोळ्या म्हणायचे. पहिल्याच जेवणात तो म्हणाला होता, "आईला काही सांगून उपयोग नाही, एका कानातून आत, दुसऱ्यातून बाहेर." वडील म्हणाले होते, "गॅस चालू ठिवून देवळात जाती ही." काकूही त्यांच्यासोबत हसल्या होत्या. "माझं डोकंच जागेवर नसतं गं माय." मला तेव्हा तो घरगुती लाड वाटला होता.

मग बस्ता आला.

आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला दोन्ही घरची माणसं एकत्र जातात. नवरीच्या साड्या तर घ्यायच्याच, पण खरं काम असतं मानपानाच्या साड्यांचं. मामी, आत्या, नणंदा, जावा, सगळ्यांच्या. मुलाकडच्या साड्या मुलाकडचे निवडतात. मुलीकडच्यांनी तिथं गादीवर बसायचं, चहा घ्यायचा, "छान आहे" म्हणायचं. मध्ये बोलायचं नाही. आईनं मला रिक्षात दोनदा बजावलं होतं.

गुलमंडीवरचं ते दुकान पहिल्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, पायऱ्यांवर चपलांचा ढीग. काकूंना दम लागला होता. वरच्या पायरीवर थांबून त्यांनी त्याला विचारलं, "मामीची साडी इथंच घ्यायची ना रे? का घरात आहे ती द्यायची?"

तो बूट काढत होता. "इथंच घेऊ. घरातली दिली तर बरं दिसत नाही."

मी त्याच्याखालच्या पायरीवर वाकून सँडलचा पट्टा सोडत होते.

वर पांढऱ्या गादीवर दुकानदारानं साड्या उलगडायला सुरुवात केली. आणि काकू बदलल्या. मांडी घालून त्या मधोमध बसल्या, आणि हातात ना चिठ्ठी ना काही, एकेक साडी पुढे-मागे सारू लागल्या. "ही थोरल्या नणंदेला. तिनं पोरीच्या लग्नात मला जांभळी दिली होती, मोरपंखी काठाची. हलकी दिली तर बोलून दाखवील. ही नको, जाऊबाईला मागच्या वेळी हिरवीच गेली. धाकटीनं वास्तुशांतीत मला दिलेली नारायणपेठ तिलाच दुसऱ्यांकडून आलेली होती, घडीवर हळदीचं बोट होतं, मला दिसलं होतं, पण मी बोलले नाय. तिला ही चालंल." दुकानदार म्हणाला, "मावशी, तुम्ही आमच्या गल्ल्यावर बसा." कुणी कोणत्या लग्नात काय दिलं, काठ कसला, पदर कसला, कुणाच्या साडीचा रंग पहिल्या धुण्यात गेला, सगळं. वर्षानुवर्षांचं. मी बघत राहिले. या बाईला काय विसरायला होत होतं?

मग त्यांनी बाटली हिरव्या रंगाची एक साडी बाजूला काढली. "ही मामीला."

त्यानं मोबाइलमधून मान वर केली. "मामीला कशाला? तुला सांगितलं ना, घरात आहे ती द्यायची. आत्ता वर चढताना सांगितलं. पायरीवर."

काकूंचा हात साडीवरच थांबला.

"आई, दहा मिनिटं झाली नाहीत. आता खरंच डॉक्टरला दाखवावं लागणार आहे तुला."

"सांगितलं असशील रे बाबा," काकू म्हणाल्या. "माझंच डोकं जागेवर नसतं." आणि ती साडी त्यांनी दुकानदाराकडे सरकवली.

त्या एका मिनिटात काय झालं, ते मला नीट सांगता येत नाही. पायरी खरी होती. वर चढतानाचं बोलणंही खरं होतं. आणि या वेळी तिथं तिसरं कोणीतरी होतं. मी होते. आणि काकूंचं ते वाक्य माझंच होतं. विहिरीपाशी मी तेच म्हणाले होते. फरक इतकाच, की त्या ते तीस-एक वर्षं म्हणत आल्या होत्या आणि मी नुकतंच शिकत होते.

मी म्हटलं, "तुम्ही 'इथंच घेऊ' म्हणाला होतात."

दुकानदाराला ऐकू गेलं नाही. तो म्हणाला, "काय म्हणता, ताई?" म्हणून मला पुन्हा म्हणावं लागलं. "ते इथंच घेऊ म्हणाले होते. काकू बरोबर आहेत."

आईनं माझ्या पाठीत बोट खुपसलं. मग त्याचे वडील मोठ्यानं हसले, "आली बाबा! सासूला वकील मिळाला!" आणि सगळे हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "नाय गं माय, मलाच ऐकू आलं नसंल. तू नको त्यात पडू." त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत राग नव्हता. भीती होती. माझ्यासाठी, असं मला अजून वाटतं.

खाली रस्त्यावर, गाडी काढायच्या आधी, त्यानं मला बाजूला घेतलं. आवाज नेहमीसारखाच मऊ. "सगळ्यांसमोर ओरडायची गरज नव्हती. बाबांना फार लागलं."

"मी ओरडले नाही."

"ओरडलीस. दुकानातली माणसं वळून बघायला लागली."

माझी स्मरणशक्ती चांगली आहे की नाही, हे मला त्या दिवसापर्यंत सांगता आलं नसतं. पण माझा आवाज मला माहीत आहे. शाळेत समूहगीतात मला मागच्या रांगेत उभं करायचे आणि नुसते ओठ हलवायला सांगायचे. रिक्षावाल्याला पत्ता मला दोनदा सांगावा लागतो. आत्ताच, हाताच्या अंतरावर बसलेल्या दुकानदारानं 'काय म्हणता' विचारलं होतं. मी आयुष्यात कुणावर ओरडलेली नाही. ओरडता यायला हवं होतं, पण मला तो आवाज कधी काढता आला नाही. ही एक गोष्ट अशी होती, की तिच्या जागी तो काहीही ठेवू शकत नव्हता. आणि तिथं उभं राहून, गुलमंडीच्या त्या हॉर्नच्या गोंगाटात, मी एकेक करत मागे गेले. हुरडा. गच्ची. वरण. सगळं जसं घडलं होतं तसंच होतं. कुठे हललेलं नव्हतं.

घरी आल्यावर चहा झाला. मग मी वडिलांना सांगितलं, की मला हे लग्न करायचं नाही. पत्रिका छापायला गेल्या होत्या.

वडिलांनी पेपर बाजूला ठेवला. "काही मागतात का ते?"

"नाही."

"त्याचं दुसरीकडं काही आहे?"

"नाही."

"हात-बित उगारला?"

"नाही, बाबा."

"मग काय झालं, बेटा?"

या प्रश्नाला उत्तर देणं किती अवघड असतं! या वागण्याला गॅसलायटिंग म्हणतात, हे मैत्रिणीनं मला नंतर सांगितलं. सगळी शाळा इंग्रजीतून झाली, तरी तेव्हा तो शब्द मला माहीत नव्हता. माहीत असता तरी वडिलांना काय उपयोग? मी म्हटलं, "बाबा, त्या घरात मी जे बोलेन ते माझं राहणार नाही. मी काय बोलले, ते तो मला सांगणार. थोड्या वर्षांनी मला ते पटायला लागेल." आणि मग वरणापासून बस्त्यापर्यंत सगळं सांगितलं. एवढं सलग मी त्यांच्याशी आधी कधी बोलले नव्हते. शेवटी म्हटलं, "तुम्हाला पटलं नाही तरी मी नाही करणार."

ते चष्मा काढून पुसत बसले. बोलली आई. कप उचलता उचलता, आमच्याकडे न बघता. "इथंच घेऊ म्हणाला होता तो. मी हिच्या मागंच होते जिन्यात."

"मग तिथं का नाही बोललीस?" मी विचारलं.

"मुलाकडचा बस्ता होता. आपण कसं बोलायचं मधी?" मग कप तसेच हातात धरून ती म्हणाली, "त्या बाईचं तोंड बघवंना मला."

त्याला हे कळत होतं का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ विचारला. तो ठरवून करत होता, की प्रत्येक नवी गोष्ट त्याला खरीच वाटत होती? फोनवर शेवटचं बोलताना तो रडला. आणि म्हणाला, "तूच म्हणाली होतीस, कधी सोडणार नाही म्हणून." मी तसंही कधी म्हणाले नव्हते. पण ते रडणं खरं होतं, असं मला वाटतं. उत्तर मिळालं नाही. आता मी ते शोधतही नाही. त्याला कळत असो वा नसो, राहायचं मला होतं.

साखरपुड्याची अंगठी आणि वस्तू न्यायला त्याचे आई-वडील आले. बाहेरच्या खोलीत पुरुष जड आवाजात बोलत बसले. मी स्वयंपाकघरात होते. काकू पाणी मागायला म्हणून आत आल्या. मी साखरपुड्याच्या साडीची पिशवी पुढे केली, तर त्यांनी ती मागे लोटली. "नेसलेली साडी परत घेत नसतात आमच्यात. ठेव."

मी ग्लास दिला. त्या प्यायल्या नाहीत. दाराकडे एकदा बघून, अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "जिन्यात तो इथंच घेऊ म्हणाला होता ना गं?"

"हो, काकू. म्हणाले होते. आईनंही ऐकलं."

त्यांनी मान हलवली. मग उभ्यानंच सगळं पाणी प्यायल्या. "सोमवारी नेणार होते मला. डोक्याच्या डॉक्टरकडं."

"तुम्हाला काही झालेलं नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या. जणू ते आत्ताच ठरलं होतं. ग्लास त्यांनी स्वतःच विसळला आणि ओट्यावर पालथा घातला. बाहेरून त्याच्या वडिलांची हाक आली, "चल की! किती येळ पाणी प्यायलीस?" त्या लगेच निघाल्या नाहीत.

"त्या दिवशी तुझी साडी घ्यायची राहूनच गेली," त्या म्हणाल्या. "तुला ती डाळिंबी आवडली होती. दुकानदारानं गुंडाळली तरी तू तिच्याकडंच बघायलीस. बोलली नाहीस पण."

मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते. आईलासुद्धा नाही.

"पदरावर बारीक बुट्टे होते," काकू म्हणाल्या. "चांदीचे."

"हो," मी म्हटलं. "चांदीचेच होते."